जहाज पुन्हा बांधताना

सिडनीत भारतातून पाहुणे आले की त्यांना दाखवायच्या जागांची यादी आपल्या सगळ्यांना पाठ असते. ऑपेरा हाउस, हार्बर ब्रिज, ब्लू माउंटन्स, बरोबर मुलं असतील तर टारोंगा झू. डार्लिंग हार्बरलाही आपण जातो, पण बहुतेक वेळा संध्याकाळी, खायला आणि दिवे बघायला. त्याच धक्क्यावर ऑस्ट्रेलियाचं राष्ट्रीय सागरी संग्रहालय आहे. १९९१ साली ते सुरू झालं. त्याच्या बाहेर पाण्यात जुन्या घडणीची, शिडाची लाकडी जहाजं उभी असतात. त्यातली ‘एन्डेव्हर’ आणि ‘डाउफकेन’ ही दोन जहाजं मी सासूसासऱ्यांना आणि आठ वर्षांच्या लेकीला घेऊन, चांगला दिवसभर वेळ काढून पाहिली.

माझे सासरे देवगड तालुक्यातले. नोकरी एस.टी.त झाली, पण त्यांचे मामा होड्या बांधणारे सुतार होते. लहानपणीच्या सुट्ट्या बाबांनी खाडीकाठी, लाकडाच्या भुशात घालवलेल्या. ‘एन्डेव्हर’समोर उभं राहून त्यांनी आधी डोलकाठ्या मोजल्या, मग विचारलं, “हेच काय ते कुकचं जहाज?”

“नाही बाबा, हे १९९३ चं. त्याच्यासारखंच नवीन बांधलंय.”

त्यांचा चेहरा पडला. “म्हणजे डुप्लिकेट.”

हा शब्द माझ्या डोक्यात बरेच दिवस राहिला. कारण प्रश्न रास्त आहे. खरं जहाज केव्हाच गेलं, मग एवढा खर्च करून त्याच्यासारखं दुसरं बांधायचं कशाला? संग्रहालयात चित्र लावलं, छोटा नमुना काचेत ठेवला, तर भागत नाही का?

खरी ‘एन्डेव्हर’ इंग्लंडमधल्या व्हिटबी बंदरात १७६४ साली कोळसा वाहण्यासाठी बांधली गेली. रुंद, दणकट, सपाट तळाची. नौदलाने ती विकत घेऊन जेम्स कुकच्या हाती दिली आणि १७७० मध्ये ती या खंडाच्या पूर्व किनाऱ्यावर आली. पुढे ती विकली गेली, तिचं नाव बदललं, आणि १७७८ मध्ये अमेरिकेतल्या न्यूपोर्ट बंदरात शत्रूची वाट अडवण्यासाठी इंग्रजांनीच ती बुडवली. तिथे तळाशी सापडलेले अवशेष तिचेच आहेत, असं सिडनीच्या या संग्रहालयाने २०२२ मध्ये जाहीर केलं. एवढ्यात तसं म्हणू नका, असं अमेरिकेतल्या सहकारी संशोधकांचं म्हणणं पडलं. काही झालं तरी तिथे उरली आहेत ती गाळात रुतलेली थोडी लाकडं.

नवी ‘एन्डेव्हर’ बांधायला घेतली १९८८ मध्ये, पश्चिम ऑस्ट्रेलियात फ्रीमँटलला. मधेच पैसे पुरवणारा उद्योगसमूह आर्थिक अडचणीत आला आणि काम थांबलं. मग एका विश्वस्त संस्थेने आणि स्वयंसेवकांनी ते तडीला नेलं. जहाजासाठी मुख्यतः वापरलं जारा नावाचं तिथलं लालसर, जड लाकूड. पाण्यात उतरल्यापासून या जहाजाने दोनदा पृथ्वीप्रदक्षिणा केली आहे. आत गेलं की खालच्या मजल्यावर काही ठिकाणी माझ्या लेकीलाच काय ती सरळ उभं राहता येतं. खलाशांनी झोपायचं ते छताला टांगलेल्या झोळ्यांत, अगदी शेजाऱ्याला खेटून. त्याच्याही खाली, जिथे पूर्वी सामान भरत, तिथे आता इंजिन, आधुनिक स्वयंपाकघर आणि अंघोळीची सोय आहे. हे लपवलेलं नाही, उघड सांगतात. समुद्रावर न्यायचं जहाज आजच्या सुरक्षेच्या नियमांत बसवावं लागतं.

‘डाउफकेन’ त्या मानाने लहान आणि जास्त जुन्या काळातली. नावाचा अर्थ छोटं कबुतर. १६०६ मध्ये विलेम यान्सझोन या डच कप्तानाने ही ‘छोटी कबुतरी’ क्वीन्सलंडच्या केप यॉर्कच्या पश्चिम किनाऱ्यावर आणली. युरोपीय माणूस ऑस्ट्रेलियाला पोचल्याची ही पहिली लेखी नोंद, म्हणजे कुकच्याही १६४ वर्षं आधीची. या जहाजाचा एकही आराखडा शिल्लक नाही. त्या काळी डच सुतार आराखडा काढून बांधत नसत. आधी फळ्यांचं कवच उभं करायचं आणि मग आतून फासळ्या बसवायच्या, अशी त्यांची रीत. फ्रीमँटलला १९९७ ते १९९९ मध्ये प्रतिकृती बांधली ती त्याच रीतीने. लॅट्व्हियाहून ओकचं लाकूड आणलं. जाड फळ्या उघड्या विस्तवावर धरून, वरून पाणी मारत, हळूहळू वाकवल्या. आधी कवच, मग सांगाडा, ही गोष्ट पुस्तकातून वाचून कळत नाही. सुताराचा हात चुकत चुकत शिकतो तेव्हाच ती कळते.

‘डाउफकेन’वर आम्हाला एक सत्तरीचे स्वयंसेवक भेटले. त्यांनी कागदावर जहाजाचा आडवा छेद काढून बाबांना समजावायला सुरुवात केली. मी दुभाषी. तळातून लांबवर जाणाऱ्या मुख्य लाकडावर त्यांनी बोट ठेवलं, तसे बाबा म्हणाले, “पठाण. आमच्याकडे ह्याला पठाण म्हणतात. पहिला पठाण टाकायचा, नारळ फोडायचा, मग पुढचं काम.” मी मराठी विषय घेऊन एम.ए. केलं, पण हा शब्द या अर्थाने मी आधी कधी ऐकला नव्हता. मग टोकाची नाळ झाली, शीड झालं, सुकाणू झालं, शिडाची आडवी काठी म्हणजे परबाण झाली. शेवटी त्या गृहस्थांनी एक जाड दोर काढला आणि त्याची तीन पेडं उलगडून दोन टोकं एकमेकांत कशी गुंफतात ते दाखवू लागले. बाबांनी दोर हातात घेतला. सवय मोडलेली होती, दोनदा सोडून पुन्हा घातलं, पण गुंफण बसली. ते गृहस्थ वाकून बघत राहिले, कारण बाबांचा शेवटचा फेरा त्यांच्यापेक्षा वेगळा होता. दोघांनी मिळून तो पुन्हा उलगडला आणि पुन्हा घातला. त्या अर्ध्या तासात माझ्या भाषांतराची गरज फारशी कुणाला पडली नाही.

त्यानंतर मला ‘डुप्लिकेट’चं उत्तर सापडलं, आणि तेही आपल्याच घरात. आपण दरवर्षी गणपतीची मूर्ती नवी आणतो. दहा दिवसांनी ती पाण्यात विरघळते. पुढच्या वर्षीची मूर्ती ही पहिल्या मूर्तीची नक्कल आहे, असं कुणी म्हणत नाही. आणि पेणचे मूर्तिकार पिढ्यान्‌पिढ्या टिकले आहेत ते मूर्ती दरवर्षी विसर्जित होते म्हणूनच. एकदाच धातूची मूर्ती करून काचेत ठेवली असती, तर मूर्ती राहिली असती, पण डोळे आखणारा हात राहिला नसता. लाकडी जहाजाचंही तसंच आहे. खाऱ्या पाण्यात त्याचं आयुष्य मोजकंच असतं. जपायचं असतं ते पुन्हा बांधता येण्याचं ज्ञान, आणि ते जहाज बांधूनच जपलं जातं.

पण नेमकं कुणाचं जहाज पुन्हा बांधायचं, हा प्रश्न इथे सोपा नाही. कुक २९ एप्रिल १७७० ला बॉटनी बेमध्ये उतरला तेव्हा किनाऱ्यावरच्या गवीगल लोकांनी त्याला अडवलं आणि त्याच्या माणसांनी गोळी झाडली. इथल्या मूळ रहिवाशांना ‘एन्डेव्हर’ची शिडं पाहून काय आठवत असेल, हे आपल्याला कळायला हरकत नाही. आपल्याही किनाऱ्यावर अशी शिडं आली होती. २०२० मध्ये, अडीचशे वर्षांच्या निमित्ताने, ही प्रतिकृती ऑस्ट्रेलियाभोवती फिरवायचं सरकारने ठरवलं, तेव्हा बरीच टीका झाली. एक तर कुकने हा खंड कधी प्रदक्षिणा घालून पाहिलाच नव्हता. ते काम १८०२-०३ मध्ये मॅथ्यू फ्लिंडर्सने केलं, आणि त्याच्या बरोबर बंगारी नावाचा मूळ रहिवासी होता. शेवटी कोविडमुळे ती फेरी झालीच नाही.

‘डाउफकेन’ने मात्र २००० साली एक चांगला पायंडा घातला. इंडोनेशियातल्या बांडा बेटांवरून ती यान्सझोनच्या वाटेने केप यॉर्कला पेनफादर नदीपाशी आली, आणि उतरण्यापूर्वी तिथल्या मूळ रहिवाशांची परवानगी मागितली गेली. जुन्या जहाजाने जे केलं नाही ते नव्या जहाजाला करता आलं. प्रतिकृतीला हा एक अधिकार असतो, असं मला वाटतं. जहाज जुन्या रीतीने बांधायचं, पण वागणं जुन्या रीतीने असलंच पाहिजे असं नाही.

या सगळ्यात आपण कुठे, असं लेकीने विचारलं. आपण म्हणजे भारतीय. तिला वाटत होतं, आपण विमानाने आलो, तेव्हापासूनचेच.

तिला मी ‘सिडनी कोव्ह’ची गोष्ट सांगितली. हे व्यापारी जहाज १७९६ च्या अखेरीस कलकत्त्याहून सिडनीकडे निघालं. त्यावर मोठ्या संख्येने भारतीय खलाशी होते, ज्यांना इंग्रज लस्कर म्हणत. वाटेत जहाजात पाणी शिरू लागलं, खलाशी पंप मारून थकले, आणि फेब्रुवारी १७९७ मध्ये टास्मानियाच्या उत्तरेला एका बेटावर जहाज किनाऱ्याला लावावं लागलं. मदत आणायला १७ जणांना मोठ्या होडीतून पाठवलं. त्यात १२ लस्कर होते. ती होडीही आजच्या व्हिक्टोरियाच्या किनाऱ्यावर फुटली. मग ते सतराही जण पायी निघाले. सहाशेहून जास्त किलोमीटर, नद्या ओलांडत, वाटेतल्या मूळ रहिवाशांनी दिलेले मासे खात. सिडनीच्या दक्षिणेला वॉटामोलापाशी एका मासेमारी होडीने त्यांना उचललं तेव्हा तिघेच उरले होते. त्यातला एक लस्कर होता. आपण रॉयल नॅशनल पार्कमध्ये सहलीला जातो तेव्हा ज्या वॉटामोलाच्या वाळूत डबे उघडतो, तीच ही जागा.

पुढे आगबोटी आल्या, तेव्हा कोकणाची माणसं या बंदरात नियमित येऊ लागली. पी अँड ओ कंपनीच्या जहाजांवर डेकचे खलाशी बरेचसे रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान असत, आणि खानपानाकडे गोव्याची माणसं. त्यांच्या मुकादमाला सारंग म्हणत, त्याच्या हाताखालच्याला तांडेल. हे दोन्ही शब्द इंग्रज अधिकाऱ्यांच्या तोंडी आणि नोंदवह्यांत रुळले. गोऱ्यांच्या ऑस्ट्रेलियाचं धोरण आलं तेव्हा १९०१ च्या टपाल कायद्याने टपाल वाहण्याचं कंत्राट फक्त गोरे कामगार असलेल्या जहाजांना द्यायचं ठरवलं. म्हणजे आपली माणसं इथे इतकी दिसत होती की त्यांना दूर ठेवायला कायदा करावा लागला. त्यांच्या नावाने कुठलीच प्रतिकृती धक्क्यावर उभी नाही. पण ‘एन्डेव्हर’वर दोर ओढायचं काम कसं असतं हे लेकीने हाताने पाहिलं आणि मग ही गोष्ट ऐकली, तेव्हा ते खलाशी तिला खरे वाटले. तिने विचारलं, “त्या लस्करचं नाव काय होतं?” खलाशांची नावं लिहून ठेवण्याची तसदी त्या काळी क्वचितच घेतली गेली, एवढंच मी तिला सांगू शकले.

भारतात मी काही वर्षं शाळेत शिकवत होते. इतिहासाच्या तासाला शिवरायांचं आरमार आलं की मुलांचे डोळे चमकत. सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, कान्होजी आंग्रे ही नावं मुलं धडाधड सांगत. पण एखाद्याने “बाई, गुराब म्हणजे नक्की कसं जहाज?” असं विचारलं, की फळ्यावर काढून दाखवायला आमच्याकडे एक धूसर चित्र असे. गुराबेचं सगळ्यांत नेमकं वर्णन मला वाचायला मिळालं ते अठराव्या शतकातल्या रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराचं. दोन किंवा तीन डोलकाठ्या, तीन काठ्यांची असेल तर सुमारे तीनशे टनांची, उथळ पाण्यात चालेल अशी, लांबीच्या मानाने रुंद, आणि पुढे निमुळती होत गेलेली लांब नाळ. गलबत त्याहून लहान, चाळीस-पन्नास वल्ह्यांचं. आपल्याकडे रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. गुराब फार थोर नको, फार लहानही नको, वारा पडला की निकामी होईल असं जहाज नको, असा त्यात व्यवहारी सल्ला आहे. आणि जहाजासाठी आंबा-फणसाची झाडं रयतेच्या मर्जीविरुद्ध तोडू नयेत, कारण ती लेकरांसारखी वाढवलेली असतात, हेही त्यात आहे. सल्ला शिल्लक राहिला, गुराब राहिली नाही. १७५६ च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी विजयदुर्गावर हल्ला केला तेव्हा तुळाजी आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. जवळ गिर्ये इथे खडकात कोरून काढलेली आरमाराची गोदी आजही आहे. बाबांचं गाव तिथून फार लांब नाही. भरती-ओहोटीचं पाणी अजून त्या गोदीत येतं-जातं.

म्हणून ‘कौंडिण्य’ची बातमी आली तेव्हा मला विशेष आनंद झाला. अजिंठ्याच्या दोन नंबरच्या लेण्यात एक जहाज रंगवलेलं आहे, पाचव्या शतकाच्या सुमाराचं. ते पाहून भारतीय नौदल, संस्कृती मंत्रालय आणि गोव्यातली एक खासगी कंपनी यांनी मिळून सुमारे वीस मीटरचं जहाज बांधलं. आराखडा नव्हताच, होतं फक्त भिंतीवरचं चित्र. फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, तर काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. नारळाचा काथ्या, राळ आणि तेल. केरळचे कारागीर बाबू शंकरन यांच्या हाताखाली हे काम झालं. मे २०२५ मध्ये कारवारला जहाज नौदलात दाखल झालं. डिसेंबर २०२५ च्या अखेरीस ते पोरबंदरहून इंजिनाशिवाय, नुसत्या शिडांवर निघालं आणि जानेवारीत मस्कतला पोचलं.

या कामाला एक ऑस्ट्रेलियन धागाही आहे. बाबू शंकरन यांनी याआधी ओमानमध्ये ‘ज्युएल ऑफ मस्कत’ या शिवलेल्या जहाजावर काम केलं होतं. ते २०१० मध्ये मस्कतहून सिंगापूरला गेलं. त्या जहाजाच्या बांधणीचे प्रमुख होते टॉम व्होस्मर, पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सागरी संग्रहालयाशी जोडलेले संशोधक. म्हणजे फ्रीमँटलचा अभ्यास, केरळचे हात, ओमानचा पैसा, आणि त्यातून तयार झालेला अनुभव पुढे गोव्यात. एक जहाज बांधलं म्हणून दुसरं बांधता आलं.

बाबांना मी ‘कौंडिण्य’चा व्हिडिओ दाखवला. दोरी ओढून फळ्या आवळणारे कारागीर त्यांनी तीनतीनदा बघितले. म्हणाले, “आता गुराब कोण बांधणार?” त्यांच्या गावच्या खाडीत लाकडी होडी बांधायचं काम जवळजवळ थांबलं आहे. फायबरच्या होड्या हलक्या, त्यांना देखभाल कमी, कोळ्याने त्या का घेऊ नयेत? त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण गुराब बांधायची तर लाकूड मिळेल, पैसाही उभा राहील, नौदल मदत करेल. फळीला कुठे कान लावून ऐकायचं हे सांगणारा म्हातारा सुतार मात्र पैशाने आणता येणार नाही. त्यासाठी आपल्या हाताशी काही दशकं नाहीत, थोडी वर्षं आहेत.

आपण इथून काय करू शकतो? गुराब तर नाही बांधू शकत. पण आपल्या मंडळात मालवण, देवगड, रत्नागिरी, अलिबाग, उरण, वसई इथली कितीतरी घरं आहेत. कुणाचे आजोबा तांडेल होते, कुणाचे काका बोटीवर होते, कुणाच्या घरी मचवा होता. आपल्या रविवारच्या मराठी वर्गात मी मुलांना ‘नांगर’ शिकवते तेव्हा शेतातला आणि समुद्रातला असे दोन नांगर दाखवते. दोन्ही त्यांनी पाहिलेले नसतात. या वर्षी मी एक वही केली आहे. पहिल्या पानावर बाबांचे एकवीस शब्द आहेत, त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांसकट. पठाण त्यात पहिला आहे. नाताळच्या सुट्टीत आपल्यापैकी बरेच जण घरी जातील. तिकडच्या म्हाताऱ्या माणसांपाशी बसा, होडीचा कुठला भाग कुठल्या नावाचा ते विचारा, त्यांना चित्र काढायला लावा, जमल्यास दोर गुंफताना त्यांच्या हातांचा व्हिडिओ घ्या. परत आलात की वही माझ्याकडे आहे, तिची पानं बरीच रिकामी आहेत.